गाडीच्या टपावरचं मत

काम एवढंच होतं: ओपल ब्रँडव्होल्डच्या घरून एक पाकीट घ्यायचं आणि वाचनालयासमोरच्या मतपेटीत टाकायचं. अंतर तीन मैल. वाटेत एक पूल आणि गुरं अडवायची एक लोखंडी जाळी. अमेरिकेतल्या आमच्या ऑरेगन राज्यात मतपत्रिका टपालाने घरी येते. माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती भरतो, पाकिटावर सही करतो, आणि ज्याला पेटीपर्यंत जाणं जमत नाही त्याचं पाकीट शेजारी नेऊन टाकतो. ओपल अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. शेजारी मी आहे.

मी एकोणतीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. त्या काळात माझ्या हातून एकही नमुना सांडला नाही. ही फुशारकी नव्हे. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी ते भाषणात सांगितलं होतं आणि केकवरही लिहून आणलं होतं. तेव्हा पुढे जे झालं ते कोणा धांदरट बाईच्या हातून झालं असं वाचणाऱ्याने समजू नये. धांदरट बाईने पाकीट पर्समध्ये कोंबलं असतं आणि ते सुखरूप राहिलं असतं. मी ते दुमडू नये म्हणून सपाट जागी ठेवलं. सपाट जागा म्हणजे माझ्या गाडीचा टप.

ओपलने नाशपतीच्या मुरंब्याच्या सहा बरण्या दिल्या होत्या. त्या मागच्या सीटवर उभ्या, एकमेकींवर आपटणार नाहीत अशा, टॉवेलांत गुंडाळून ठेवण्यात चार मिनिटं गेली. मग मी बसले, पट्टा लावला, आरसे पाहिले, खिडकीतून ओपलला हात केला आणि निघाले. ओपलनेही हात केला. जरा जास्तच जोरजोरात करतेय, असं मला तेव्हा वाटलंही होतं.

मतपेटीपाशी उतरले तर पाकीट नाही. जिथे म्हणून शोधायचं तिथे मी शोधलं. सीटखाली, बरण्यांमागे, स्वतःच्या खिशात. मग उभ्या जागी मला टप आठवला. मी परत फिरले आणि ताशी पंधरा मैलांनी दोन्ही बाजूंचा रस्ता न्याहाळत गेले. पाकीट सापडलं ते गुरांच्या जाळीशी, सकाळच्या पावसाच्या डबक्यात. त्यावर टायरची नक्षी उमटली होती. नक्षी ओळखीची होती. शोधत येताना मीच ते चिरडलं होतं.

त्या क्षणी ते पाकीट, होतं तसं, ओलं आणि चिखलाने भरलेलं, उचलून पेटीत टाकायला हवं होतं. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी मला फक्त इतकंच दिसत होतं की एका कागदात पाणी शिरलं आहे, आणि कागदातून पाणी काढणं हे माझं क्षेत्र आहे.

"इस्त्री फिरव की," एल्डन म्हणाला. एल्डन माझा नवरा. त्याच्या मते इस्त्रीने न सुटणारा प्रश्न हातोडीने सुटतो.

"इस्त्रीने शाई पसरेल," मी म्हणाले. "सावकाश, एकसारखी उष्णता हवी."

"म्हणजे कशी?"

फळं सुकवायच्या यंत्रातून मी सफरचंदाच्या चकत्या काढल्या, जाळ्या धुतल्या आणि पाकीट मधल्या जाळीवर ठेवून पंचेचाळीस अंशांवर काटा लावला. दर अर्ध्या तासाने वहीत नोंद केली. एल्डन येता-जाता विचारत होता, "शिजलं का?" चौथ्या नोंदीला कागद कोरडा झाला होता. पाचव्या नोंदीला पाकिटाचा डिंक पूर्ण सुटला, झाकण वर उचललं गेलं, आणि आतली मतपत्रिका यंत्राच्या वाऱ्याने उलगडून माझ्यासमोर पसरली.

मी डोळे मिटले. पण डोळे मिटायला माणसाला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो, आणि वाचायला त्याहून कमी.

आता इथे अँब्युलन्सबद्दल सांगणं भाग आहे. आमच्या गावची अँब्युलन्स गावातलेच लोक आपापलं काम टाकून चालवतात. कोणी गाईचं दूध काढत असतो, कोणी छपरावर असतो. दवाखाना बासष्ट मैलांवर, जिल्ह्याच्या गावी. घरपट्टीत थोडी वाढ करून दोन पगारी, शिकलेली माणसं ठेवायची, असा प्रस्ताव गेल्या वर्षी मतदानाला आला आणि चार मतांनी पडला. या वर्षी तो पुन्हा आला होता. प्रस्तावाच्या समितीची मी चिटणीस. फोन केल्यापासून अँब्युलन्स दारात येईपर्यंत किती मिनिटं लागली याचा गेल्या पाच वर्षांचा तक्ता मी केला होता. तो पत्रकावर छापला होता, आणि ते पत्रक मी प्रत्येक दारी नेऊन दिलं होतं. समितीच्या बैठकीत आम्ही मतं मोजायचो, तेव्हा ओपलचं नाव सर्वांत आधी 'हो'च्या बाजूला लिहिलं जायचं. तिचा नवरा लॉइड अँब्युलन्समध्येच गेला होता. त्या घरचं मत धरायचं नाही तर कोणाचं?

मतपत्रिकेवर शेवटचा प्रश्न अँब्युलन्सचा होता. त्यापुढे दोन लंबगोल. ओपलने 'नाही'चा भरला होता. थरथरत्या हाताने, पण तीन वेळा गिरवून.

(हे सगळं लिहायला ओपलने परवानगी दिली आहे. अट एकच: मुरंबा फसला होता असं कुठेही लिहायचं नाही. मुरंबा उत्तम होता.)

मी पाकीट पुस्तकाखाली दाबून ठेवलं आणि ओट्याशी उभी राहिले. तेवढ्यात शेजारचा मर्ल शिडी परत द्यायला आला आणि एल्डनने त्याला सगळं सांगून टाकलं. म्हणजे एल्डनला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं.

"दुसऱ्याचं पाकीट उघडलंस?" मर्ल खुर्ची ओढून बसला. "ग्लेनिस, हा गुन्हा आहे. फौजदारी. पाच वर्षं."

"मी उघडलं नाही. ते उघडलं."

"न्यायाधीशाला हेच सांग. त्याला आवडेल."

"मूर्खासारखं बोलू नकोस, मर्ल," एल्डन म्हणाला. "डिंकाने चिकटवून टाकू. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," मी म्हणाले.

"तू काय तपासणाऱ्यांत आहेस? अगं, आपलं एक मत बुडतंय! मागच्या वेळी चारच मतांनी गेलं होतं ना? काहीही कर, पण म्हातारीचं मत पोचव."

"तेच म्हणतो मी," मर्ल म्हणाला. त्याला पाच वर्षांच्या शिक्षेचा विसर पडला होता. "ओपलचं मत म्हणजे सोनं. जा, दुसरी मतपत्रिका आण. मिळते दुसरी. माझ्या मेहुण्याची बकरीने खाल्ली होती."

दोघेही माझ्याकडे पाहत होते, समितीच्या चिटणिसाकडे पाहावं तसं. ओपलने काय भरलंय ते मला सांगता येत नव्हतं. मी काही केलं नाही तर आमच्या विरोधातलं एक मत आपोआप नाहीसं होणार होतं. कोणालाच कळणार नव्हतं. ओपललाही नाही. ती पाकीट पेटीत पडलं असंच समजत असणार. प्रयोगशाळेत एखादा नमुना आपल्याला नको तसा निघाला, तर तो चुकून सांडणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट असते. एकोणतीस वर्षं नमुने न सांडण्याचं खरं कारण हात स्थिर असणं हे नव्हतं, पण तसं केकवर लिहिता येत नाही.

"उद्या फोन करते," मी म्हणाले. "शाब्बास!" दोघेही म्हणाले, आणि मला अतिशय अपमान झाल्यासारखं वाटलं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी जिल्हा कचेरीला फोन लावला. निवडणूक विभागात इनेझ नावाची एक बाई होती. आवाजावरून माझ्यासारखीच असावी, म्हणजे जिच्याशी बोलताना लोकांना आपण गबाळे आहोत असं वाटतं.

"मतपत्रिका खराब झाली म्हणता. तुमची?" तिने विचारलं.

"शेजारणीची."

"कशाने खराब झाली?"

मी क्रमाने सांगितलं. टप, डबकं, टायर. इथपर्यंत ती लिहून घेत होती. यंत्रापाशी तिचं लिहिणं थांबलं.

"तुम्ही ती सुकवलीत?"

"पंचेचाळीस अंशांवर."

"बाई, ओली चालली असती," ती म्हणाली. "आमच्याकडे दोन माणसं समोरासमोर बसून खराब मतपत्रिकेची नक्कल करतात. चिखलातल्या येतात, कॉफीतल्या येतात. पण उघडं पाकीट आम्ही घेत नाही. आता नवी घ्यावी लागेल. मागणी मतदाराने स्वतः करायची. टपालाने पाठवायला आता उशीर झालाय, त्यामुळे मतदाराने स्वतः यायचं."

"त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत."

"मग गाडी सावकाश चालवा. आणि टपावर काही ठेवू नका."

ओपलला सांगणं उरलं होतं. ती दारातच उभी होती.

"मी हात करून सांगत होते," ती म्हणाली. "टपाकडे. तू पण हात केलास. म्हटलं, पोरीला काय आनंद झालाय मला भेटून."

"ओपल, माझी चूक झाली. तुमचं मत…"

"बुडालं?"

"नाही. नवी मतपत्रिका मिळते. पण जिल्ह्याच्या गावी जावं लागेल. तुम्हाला झेपणार नसेल तर…"

हे 'तर' उच्चारताना माझ्या मनात काय होतं ते मी प्रामाणिकपणे तपासलं आहे. निष्कर्ष माझ्या बाजूचा नाही.

"एकवीस पूर्ण झाल्यापासून एक निवडणूक चुकवली नाही मी," ओपल म्हणाली. "धाकट्याच्या वेळी कळा सुरू होत्या तरी आधी मत दिलं, मग दवाखान्यात गेले. कोट घेऊन येते."

ओपलने तेहेतीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. त्यामुळे बासष्ट मैल मला शिकवणी मिळाली. वळणावर ब्रेक दाबू नकोस, आधी दाब. त्या ट्रकच्या इतक्या मागे का? मेंढ्या दिसताहेत ना? दिसताहेत तर बरं. मी नाशपतीबद्दल बोलले, रस्त्याच्या डागडुजीबद्दल बोलले, लवकर पडलेल्या बर्फाबद्दल दोनदा बोलले. अँब्युलन्सबद्दल बोलायचं नाही हे मी ठरवलं होतं. तिचं मत मला माहीत असताना तिला पटवू पाहणं म्हणजे चोरीच्या किल्लीने कुलूप उघडणं. मधे एका ठिकाणी तिने डोळे मिटून घेतले. झोप लागली असेल म्हणून मी रेडिओ बंद केला.

कचेरीपुढे गाडी लावते न लावते तोच इनेझ बाहेर आली. माझ्या अंदाजाप्रमाणेच तिच्या गळ्यात चष्म्याची साखळी होती.

"ही गाडी इथे चालणार नाही."

"का?"

तिने मागच्या काचेकडे बोट केलं. तिथे 'अँब्युलन्सला हो म्हणा' असं हातभर अक्षरांत चिकटवलं होतं. "निवडणूक कचेरीपासून शंभर फुटांच्या आत प्रचार नाही. गाडी पलीकडे चाऱ्याच्या दुकानापाशी लावा. आणि तो बिल्लाही काढा."

बिल्ला स्वेटरवर होता. त्याच्या टाचणीचं टोक मीच आतून वाकवून पक्कं केलं होतं, पडू नये म्हणून. तो निघेना. शेवटी मी स्वेटर उलटा करून घातला, आणि शिवणी, लेबल आणि सगळं बाहेर अशा अवस्थेत, चाऱ्याच्या दुकानापासून शंभर फूट ओपलला हात देत, कायद्याच्या राज्यात प्रवेश केला. शंभर फूट चालायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. ओपल वाटेत दोनदा थांबली आणि दोन्ही वेळा माझं लेबल मोठ्याने वाचलं.

आत सहीचा घोळ झाला. इनेझने अर्जावरची सही पाहिली, संगणकावरची जुनी सही पाहिली, परत अर्जावरची पाहिली.

"जुन्या सहीत 'ब'ला गाठ आहे."

"ती सही केली तेव्हा माझ्या बोटांना गाठी नव्हत्या," ओपल म्हणाली. "आता बोटांना आहेत, सहीला नाहीत. हिशेब सारखाच."

इनेझने ओठ आवळले. हसू आवरत होती की नाही हे सांगता येत नाही. तिने नवा नमुना घेतला, जुनी मतपत्रिका संगणकात रद्द केली आणि नवी हातात दिली. कोपऱ्यात आडपडदा लावलेलं एक उंच टेबल होतं. मी दूर खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि पाठ फिरवली.

पाच मिनिटांनी हाक आली. "ग्लेनिस! इकडे ये. भिंग घरी राहिलं. हे गोल आहेत की मुंग्या?"

मी इनेझकडे पाहिलं. माझी समजूत होती की ती नाही म्हणेल. "मदत घेता येते," इनेझ म्हणाली. "मतदाराने निवडलेल्या कोणाचीही. मालक किंवा युनियनचा माणूस नसला की झालं. तुम्ही त्यांच्या मालक आहात का?"

मी नव्हते. मी टेबलापाशी गेले. वरपासून एकेक वाचत गेले, ओपल सांगत गेली, मी भरत गेले. ओपलला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती सर्वांना कमी ऐकू येतं असं धरून बोलते. जमिनीच्या सर्वेक्षकाच्या पदासाठी तिने कोणाला मत दिलं ते सगळ्या कचेरीला कळलं. इनेझ भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली.

शेवटचा प्रश्न आला. मी तो वाचला, प्रस्तावाचा पूर्ण मजकूर, आवाजात काहीही न आणता.

ओपल माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तू पाहिलंस ना?"

"काय?"

"अगं, बासष्ट मैल आलीस आणि अँब्युलन्स हा शब्द तोंडातून नाही! तू? लॉइडच्या दफनानंतर कॉफीच्या रांगेत तू मला पत्रक दिलं होतंस."

"ते सभेचं आमंत्रण होतं," मी म्हणाले.

"तेच ते."

"हो," मी म्हणाले. "पाकीट उघडलं गेलं. मी पाहिलं. मला क्षमा करा."

तिने मान हलवली, क्षमा केल्याची की नाही कोण जाणे. "तुझ्या तक्त्यात सर्वांत चांगला आकडा कुठला आहे?"

"अकरा मिनिटं."

"तो आमच्या घरचा. वेळेवर आली अँब्युलन्स. पोरं भली होती. लॉइडला उचललं, आत ठेवलं. मी म्हटलं, मलाही बसू द्या. म्हणाले, जागा नाही, नियम नाही. दार लावलं. मी ट्रक काढला आणि मागोमाग गेले. मघाशी तू रेडिओ बंद केलास ना, तिथे, एक्केचाळिसाव्या मैलापाशी, त्यांनी वरचा लाल दिवा बंद केला. आणि गाडी हळू केली. कोणी काही सांगायला लागलं नाही मला. मागूनच कळलं. एकसष्ट वर्षं संसार केला आणि शेवटी त्याच्याजवळ दोन परके."

मी पेन हातात धरून उभी होते. पाच वर्षांत मी प्रत्येक घरी मिनिटं विचारली होती. मिनिटांनंतरचं कोणालाही विचारलं नव्हतं.

"येताना विचार करत होते," ओपल म्हणाली. "म्हटलं, ही पोरगी एवढं करतेय तर भिडेखातर 'हो' करून टाकावं."

"भिडेखातर नका करू."

"नाहीच करत. माझं 'नाही' वाचवायला एवढं पेट्रोल जाळलंस तू. आता 'हो' केलं तर तुझाच अपमान. भर."

मी भरला. सूचनेत लिहिलं होतं, लंबगोल पूर्ण भरावा, रेषेबाहेर जाऊ नये. मी पूर्ण भरला आणि रेषेबाहेर गेले नाही. ओपलने पाकिटावर बिनगाठीची सही केली, आणि इनेझने पेटी पुढे सरकवली. पाकीट मी हातात घेतलं नाही. ते ओपलनेच टाकलं.

मंगळवारी मतमोजणी झाली. 'हो' दोनशे बारा, 'नाही' दोनशे तेरा.

"एक मत!" एल्डन आठवडाभर म्हणत होता. "एक! कोण तो आळशी, ज्याला पेटीपर्यंत जाणं झालं नाही? आणि तू तर ओपलचं आणलंस म्हणून, नाहीतर दोनाने गेलो असतो." मर्लने दुकानात सर्वांना सांगितलं की ग्लेनिससारखे चार असते तर गावाचं भलं झालं असतं. लोक माझा हात हातात घेऊन दाबत. मी आभार मानत होते. मतं समसमान पडली असती तरी प्रस्ताव पडलाच असता. हा नियम मी तीन ठिकाणी तपासून घेतला आहे. कधीकधी चौथ्यांदाही काढून वाचते.

प्रस्ताव मे महिन्यात पुन्हा आणायचं ठरलं. नवं पत्रक करायचं काम माझ्याकडेच आलं. जानेवारीत तक्ता घेऊन मी पहिल्यांदा ओपलकडे गेले. या वेळी चोरीची किल्ली नव्हती. जे काही होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिने भिंग लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मागून पाहिला, आणि टेबलावर ठेवला.

"माझी जागा कुठे आहे ह्यात?"

"कसली जागा?"

"मागे बसायची. बायकोची, नवऱ्याची, जो कोणी असेल त्याची. आणि ज्याला घरून हलायचं नाही त्याला उचलून नेणार नाही, हेही लिही. स्वच्छ."

"दुसरं लिहिता येईल. पहिल्याचं विचारावं लागेल. विम्याचा नियम असेल, पट्टा लागेल, आत जागा किती…"

"मग विचार."

"लिहिलं तर तुम्ही 'हो' द्याल?"

"ते तुला कशाला सांगू?" ओपल म्हणाली. "कॉफी घेणार का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजपट्टी घेऊन अँब्युलन्सच्या गॅरेजमध्ये गेले. स्ट्रेचर आणि औषधांचं कपाट यांच्यामध्ये साडेसतरा इंच जागा आहे. भिंतीला लागणारी घडीची खुर्ची, पट्ट्यासकट, सोळा इंचांची मिळते.